केमोचा हिशेब: गोवंडीहून परळ आणि परत

मावशीला स्तनाच्या कर्करोगासाठी केमो घ्यावी लागणार हे कळले त्या रात्री आम्ही तिच्या बैंगणवाडीतल्या खोलीत हिशेबाला बसलो. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे एकच ओळ लिहिली, ‘औषध’, आणि पुढे दोन लाखांचा अंदाज. मावसभावाने भिशी उचलायची, मावशीने पाटल्या मोडायच्या, हेही तिथेच ठरले. केमो संपल्यावर तेच पान पुन्हा काढले. औषधाच्या ओळीपुढे लिहिण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते, कारण केशरी शिधापत्रिकेवर सरकारी योजनेतून औषध मिळाले होते. पैसे गेले होते पानावर न लिहिलेल्या गोष्टींत. बुडालेला रोज, टॅक्सी, आणि एक ताप, जो ओळखायला आम्हाला एक दिवस उशीर झाला.

गोवंडी, शिवाजीनगर, देवनार, मानखुर्द या भागात ज्यांच्या घरी केमो सुरू होणार आहे त्यांच्यासाठी हे टिपण आहे. केमोचा खर्च म्हणजे औषधाचा खर्च, ही समजूत आधी बाजूला ठेवा. औषधासाठी मदत मागायच्या जागा आज बऱ्याच आहेत. औषधाबाहेरच्या खर्चाला मात्र कोणी वाली नसतो, आणि त्यातला मोठा भाग दुष्परिणाम वेळेवर न सांभाळल्यामुळे होतो.

पहिला डोस चढण्याआधी

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातले सगळे शिधापत्रिकाधारक तिच्यात येतात. कार्ड बीडचे असो, अकोल्याचे की रत्नागिरीचे, महाराष्ट्रातले असले म्हणजे झाले. उत्तर प्रदेश-बिहारच्या शेजाऱ्यांकडे गावाकडचे आयुष्मान कार्ड असेल तर तेही मुंबईत चालते. अडते ते नावावर. आधारवर ‘सुमन’ आणि शिधापत्रिकेवर ‘सुमनबाई’, किंवा लग्नानंतर सुनेचे नाव चढवायचेच राहून गेलेले. आजाराचे निदान झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी शिधावाटप कार्यालयात जाऊन हे दुरुस्त करून घ्या. त्याच आठवड्यात कुर्ला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढायला टाका. पुढे प्रत्येक ट्रस्ट आणि प्रत्येक निधी हाच दाखला मागतो.

या योजनेबद्दल एक गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. ती रोकडरहित आहे. आधी मंजुरी, मग उपचार. आधी स्वतःचे पैसे भरून मागून परत मिळतील या आशेवर राहिलात, तर ते पैसे गेलेच म्हणून समजा. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. पहिल्या डोसची तारीख मिळाली की डॉक्टरांच्या खोलीतून थेट त्याच्याकडे जा. रुग्णालय योजनेत आहे का, तुमच्या आजाराची केमो यादीत आहे का, हे १५५३८८ या क्रमांकावर फुकट विचारता येते. केमोची जुनी, रुळलेली औषधे बहुतेक यादीत असतात. नवी टार्गेटेड औषधे आणि इम्युनोथेरपी अनेकदा नसते.

यादीत नसेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. तिथून खर्चाचे अंदाजपत्रक घ्या आणि ते घेऊन इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी असे एकाच वेळी अर्ज करा. एकाचे उत्तर आले की मग दुसरा, असे करत बसाल तर दोन डोसांचा काळ त्यातच जाईल. मदत रुग्णालयाच्या खात्यात जमा होते, तुमच्या हातात नाही. म्हणून ‘मी लवकर मंजूर करून देतो, थोडे द्यावे लागतील’ असे म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. या अर्जांना एक रुपयाही लागत नाही.

परळच्या टाटा रुग्णालयात जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन वर्गांत नोंदणी होते. औषध तेच असते, दर आणि रांग मात्र वेगळी. रांग टाळण्यासाठी पहिल्या दिवशी प्रायव्हेटची फाइल काढायची आणि चौथ्या डोसला पैसे संपले की जनरल मागायचे, हे सोपे जात नाही. खिसा पाहून पहिल्याच दिवशी ठरवा. त्यात कमीपणा नाही. हे रुग्णालय १९४१ मध्ये टाटांच्या ट्रस्टने उभे केले आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तुमच्या शेजारच्या अणुशक्तिनगरचाही मालक तोच विभाग. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या जागी जनरलमध्ये उपचार घेणे हा आपला हक्क आहे.

ही धावपळ चालू असतानाच डॉक्टरांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. घरात कुणाला, किंवा रुग्णाला स्वतःला, पूर्वी टीबी झाला होता का? गोवंडीत हा प्रश्न ऐच्छिक नाही. केमोने प्रतिकारशक्ती खाली गेली की जुना टीबी डोके वर काढू शकतो, आणि टीबीवरचे रिफाम्पिसिन अनेक औषधांचा परिणाम बदलते. दुसरे, कावीळ बी-ची तपासणी झाली का? तिसरे, दात किडलेले आहेत का? हलणारा दात केमोआधी काढणे सोपे, केमोत काढणे धोक्याचे. रुग्ण तरुण असेल तर पुढे मूल हवे आहे का, हेही पहिल्या डोसआधीच बोलून घ्या. नंतर त्याला उशीर झालेला असतो.

औषध: छापील किमतीवर जाऊ नका

कर्करोगाच्या औषधावरची छापील किंमत आणि त्याची खरी किंमत यांत किती अंतर असू शकते हे सरकारनेच मान्य केले आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कर्करोगाच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला. त्यानंतर नॅशनल कॅन्सर ग्रिडने, म्हणजे टाटाच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या देशभरच्या कर्करोग केंद्रांनी, ४० औषधे मिळून घाऊक खरेदी केली. सुट्या खरेदीच्या तुलनेत त्यांची १,३२० कोटी रुपयांची बचत झाली. काही औषधांत २३ टक्के, काहींत तब्बल ९९ टक्के. अर्थ साधा आहे. रुग्णालयाच्या दुकानात मिळणारे औषध घाईत बाहेरच्या केमिस्टकडून घेऊ नका, आणि बाहेरून घ्यावेच लागले तर तीन दुकानांत भाव विचारा, जेनेरिक मागा, जनऔषधी केंद्रात पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३३ जीवनरक्षक औषधांवरचा जीएसटी शून्य झाला आहे आणि बाकीच्या बहुतेक औषधांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पक्क्या बिलात तो तपासा. पक्के बिल नसेल तर औषधही घेऊ नका.

जेनेरिक म्हणजे दुय्यम, असे आपल्याकडे अजून कानात सांगितले जाते. रक्ताच्या एका कर्करोगावरचे ग्लिव्हेक आठवा. मूळ कंपनीचे औषध महिन्याला सुमारे एक लाख वीस हजारांना, तर भारतीय जेनेरिक आठ-दहा हजारांना मिळत होते. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईचीच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. आज स्वस्त गोळी खाऊन जगणारी हजारो माणसे त्या निकालाच्या आधाराने उभी आहेत.

महाग म्हणजे चांगले, हा समज दुष्परिणामांवरच्या औषधांतही नडतो. उलटीवरच्या ओलान्झापिनची नेहमीची मात्रा १० मिलिग्रॅम. मुंबईत टाटाच्याच डॉक्टरांनी २.५ मिलिग्रॅमशी तुलना केली आणि २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निष्कर्ष छापला: कमी मात्रा तितकीच चालते आणि गुंगी कमी येते. ही गोळी काही रुपयांची आहे. केपसायटाबिन गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. दिल्लीच्या एम्सने सांधेदुखीसाठी घरोघरी असलेले डायक्लोफिनॅकचे मलम तळहातांवर लावून पाहिले. त्रास होणाऱ्यांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आले. दोन्ही गोष्टी स्वतःहून करायच्या नाहीत, पण डॉक्टरांना नाव घेऊन विचारायला हरकत नाही.

तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण या भागात पुष्कळ, म्हणून हेही सांगतो. आजार फार पुढे गेलेला असेल आणि सलाइनवाटेची केमो झेपणार नसेल, तर मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांचा मार्ग टाटाने अभ्यासून पाहिला आहे. २०२० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात गोळ्यांवरचे रुग्ण सरासरी साडेसात महिने जगले, सिस्प्लाटिनवरचे ६.१ महिने. पुढे गोळ्यांच्या जोडीला निव्होलुमॅब हे महागडे इम्युनोथेरपीचे औषध फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, देऊन पाहिले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. घर विकून पूर्ण मात्रा घेण्याआधी हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवाच.

सोळा डोस, बत्तीस फेऱ्या

मावशीचे वेळापत्रक नेहमीचे होते. तीन आठवड्यांच्या अंतराने ‘लाल औषधा’चे चार डोस, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलचे बारा. एकूण सोळा. पण प्रत्येक डोसाच्या आदल्या दिवशी रक्ततपासणी, म्हणजे फेऱ्या झाल्या बत्तीस. प्रत्येक फेरीला सोबत मावसभाऊ, म्हणजे त्याचा एक खाडा. रोज सातशे रुपये धरला तरी बावीस हजार चारशे. आमच्या पानावरचा सगळ्यात मोठा आकडा हाच निघाला.

यातल्या निम्म्या फेऱ्या वाचू शकतात, आणि हे आम्हाला दहाव्या डोसानंतर कळले. ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ ही महापालिकेची योजना २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्यात १४७ तपासण्या मोफत आहेत आणि रक्तपेशींची साधी मोजणी त्यात येते. काही दवाखाने संध्याकाळीही उघडे असतात, म्हणजे रोजही बुडत नाही. केमोच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा: घराजवळचा रक्ताचा अहवाल चालेल का, आणि किती तासांआधीचा? ‘चालेल’ असे उत्तर आले तर सोळा खाडे, म्हणजे अकरा हजारांहून अधिक रुपये, घरात राहतात. पेशी कमी असतील तर तेही घरी बसून कळते. परळला जाऊन ‘आज डोस नाही’ ऐकून परत यावे लागत नाही.

जाण्या-येण्याचे गणित गोवंडीकरांना वेगळे लागते. रिक्षा शीवच्या पुढे शहरात जात नाही, त्यामुळे दारातून परळपर्यंत रिक्षा हा पर्यायच नाही. टॅक्सीचे भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये आहे. गोवंडी ते परळ तेरा किलोमीटर धरले तर एका बाजूचे पावणेतीनशेच्या आसपास होतात, वाटेतला खोळंबा वेगळा. हार्बरने शिवडीपर्यंत लोकल आणि तिथून टॅक्सी केली तर दोघांचे मिळून साठ-सत्तर रुपयांत भागते. कुर्ल्याला बदलून परळही गाठता येते, पण कुर्ल्याचा पूल पेशी कमी असलेल्या माणसासाठी नाही. कर्करोगाच्या रुग्णाला लोकलच्या दिव्यांगांसाठीच्या डब्यातून जाता येते. फाइल किंवा रुग्णालयाचे कार्ड हाताशी ठेवा, कुणी हटकले तर दाखवा.

माझा सल्ला: जाताना लोकल, येताना टॅक्सी. जाताना माणूस चालता असतो, येताना मळमळत असते, गुंगी असते, हाताला पट्टी असते. परतीच्या टॅक्सीचे सोळा वेळचे मिळून सव्वाचार-साडेचार हजार रुपये होतात. ते हिशेबात आधीच धरा, त्यावर काटकसर करू नका. उपचार खारघरच्या टाटा केंद्रात, ॲक्ट्रेकमध्ये होऊ शकत असतील तर तेही विचारा. गोवंडीहून पनवेलची लोकल थेट जाते आणि सकाळी ती गर्दीच्या उलट्या दिशेला असते.

गावाकडून कुणी उपचारासाठी तुमच्याकडे उतरणार असेल, तर लांबच्या रेल्वेगाडीत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत आधीच सहा माणसे असतील तर पाहुण्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे चौकशी करा. यात पाहुणचारात कमी पडल्याचे वाईट वाटून घेऊ नका.

ताप

दुसऱ्या डोसानंतरचा नववा दिवस. रात्री मावशीचे अंग गरम लागले. घरात तापमापक नव्हता. सकाळी जवळच्या एका दवाखान्यात नेले, तिथे ‘व्हायरल आहे’ म्हणून इंजेक्शन आणि गोळ्या मिळाल्या. घाम येऊन ताप उतरला, आम्ही निर्धास्त झालो. संध्याकाळी दात वाजवणारी थंडी भरली. तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या होत्या. पाच दिवस भरती, शिरेतून अँटिबायोटिक, पुढचा डोस दहा दिवस लांबणीवर. मावसभावाचे पाच रोज, रात्रीच्या टॅक्सी, बाहेरचे जेवण, बाहेरून आणलेली औषधे हे सगळे मिळून त्या एका तापाने जेवढे नेले, तेवढे आधीच्या दोन डोसांनी मिळूनही नेले नव्हते. आणि मावशी वाचली, म्हणून मी हा हिशेब पैशांत मांडू शकतो.

डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. या दिवसांत जंतूंशी लढायला शरीरात सैन्य नसते, त्यामुळे पू होत नाही, सूज येत नाही, खोकलाही नसू शकतो. ताप हीच काय ती खूण. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे तातडीचा प्रसंग, रात्री दोन वाजता असला तरी. पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका, कारण गोळी ताप झाकते, जंतू तसेच राहतात. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दंडात इंजेक्शनही घेऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर स्नायूत रक्त साकळू शकते. रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे.

ज्या रुग्णालयात केमो चालू आहे तिथल्या अपघात विभागात जाणे उत्तम. तेवढा वेळ नसेल किंवा रुग्ण गळून गेला असेल तर गोवंडीचे शताब्दी, घाटकोपरचे राजावाडी किंवा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय गाठा. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे. तिथे पहिले वाक्य ‘ताप आहे’ असे म्हणू नका. ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला डोस झाला, आता ताप आहे’ असे म्हणा. त्याने रांग बदलते. एका जाड कागदावर आजाराचे नाव, औषधांची नावे, शेवटच्या डोसाची तारीख आणि फाइल क्रमांक लिहून तो दाराच्या खिळ्याला अडकवा. रात्री घरात फक्त शेजारीण असली तरी तिला तो सापडला पाहिजे.

डिजिटल तापमापक दोनशे रुपयांच्या आत मिळतो. या सगळ्या खर्चात याहून फायद्याचे दोनशे रुपये दुसरे नाहीत.

पेशी वाढवायचे इंजेक्शन, फिलग्रास्टिम, डॉक्टरांनी दिले तर ते केमो संपून किमान २४ तास झाल्यावरच घ्यायचे असते, आणि ते थंड ठेवावे लागते. घरी फ्रिज नसेल तर सगळी एकदम आणू नका. दवाखान्यात किंवा ओळखीच्या केमिस्टच्या फ्रिजमध्ये नाव लिहून ठेवायची सोय बघा. हा खर्च योजनेच्या मंजुरीत धरला आहे का, ते आरोग्यमित्राला आधी विचारा.

खोलीतले दिवस

रुग्णालयातून मिळणारी सूचनापत्रके स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय गृहीत धरतात. आपल्याकडे गल्लीच्या टोकाला सार्वजनिक शौचालय आणि तिथे रांग. केमोनंतर जुलाब लागतात तेव्हा हा प्रश्न औषधाइतकाच मोठा होतो. आम्ही झाकणाची बादली आणि प्लास्टिकची कमोड-खुर्ची घेतली, खोलीत साडीचा आडोसा केला. मावशीला आधी फार लाज वाटली, मग तिनेच शेजारच्या बाईला तसे करायला सांगितले. डोसानंतर पहिले ४८ तास लघवी-उलटीतून औषध बाहेर पडत असते. बादली हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत, साबणाने हात धुवावेत, गरोदर बाईने ते काम करू नये. लाल औषधानंतर लघवी लाल-केशरी होते. ते रक्त नव्हे, घाबरू नका. जुलाबाला ओआरएस पालिकेच्या आरोग्य केंद्रावर मोफत मिळते. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा झाले तर मात्र फोन करा.

पाणी उकळा. टँकरचे, बुस्टरचे, शेजारच्याच्या नळाचे, कुठलेही असो, उकळी फुटल्यावर एक मिनिट. गॅसचा खर्च वाढेल, तो हिशेबात लिहा. बाटलीबंद पाणी महिनाभर विकत घेण्यापेक्षा तो कमीच आहे.

खाण्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी प्रोटीनच्या पावडरीचा डबा आणून देते. डॉक्टरांनी लिहून दिला नसेल तर तेच पैसे अंड्यांना द्या. पूर्ण उकडलेली दोन अंडी रोज, जोडीला मुगाचे वरण, दूध, शेंगदाण्याचे कूट, चिकनचे पातळ कालवण. वासाने मळमळते म्हणून जेवण थोडे गार करून द्या, दिवसातून सहा वेळा थोडे थोडे द्या. तोंडात फोड आले की तिखट बंद आणि मीठ-खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. महागडा माउथवॉश नको, त्यातले अल्कोहोल झोंबते. कापलेली फळे, बर्फाचा गोळा, गाडीवरची चटणी बंद. ऑक्झालिप्लाटिन चालू असेल तर थंड पाण्याला हातही लावू नका, बोटांत विजेसारख्या मुंग्या येतात. सिस्प्लाटिन असेल तर भरपूर पाणी, कारण ते मूत्रपिंडाला त्रास देते. काढे, जडीबुटी, ‘शंभर टक्के गुण’वाली पुडी यांतले काहीही डॉक्टरांना न दाखवता नको. त्या पुड्यांना हजारो रुपये गेलेली घरे मी याच गल्लीत पाहिली आहेत. रमजान किंवा नवरात्र मध्ये आले तर उपवासाचा निर्णय डॉक्टरांना विचारून करा. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची मुभा धर्मानेच दिली आहे.

घरातल्या मुलांचे लसीकरण आठवड्याभरात पूर्ण करा. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवरची साथ आली तेव्हा तिचा जोर गोवंडीतच होता. पेशी तळाला असलेल्या माणसाला गोवर किंवा कांजण्या जिवावर बेतू शकतात. मुलाच्या अंगावर पुरळ दिसले की त्याला त्याच रात्री नातेवाइकांकडे हलवा.

केस दोन-तीन आठवड्यांत जातात. मावशी रडली ती तेवढ्याच एका दिवशी. विग विकत घेऊ नका, कर्करोगाच्या रुग्णांना मोफत विग देणाऱ्या संस्था आहेत, समाजसेवा विभागात पत्ता मिळतो. तिने शेवटी विग घेतलाच नाही, सुती ओढणी बांधली.

बुडालेल्या रोजाचे काय

रुग्ण स्वतः कमावता असेल तर हा भाग पुन्हा वाचा. पगार २१ हजारांच्या आत आणि ईएसआय कापले जात असेल, तर कर्करोगासाठी विस्तारित आजारपणाचा लाभ आहे. पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. दोन वर्षे सलग नोकरीची अट आहे. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयचा क्रमांक शोधा. कापले जात असूनही माहीत नसलेले कितीतरी कामगार आहेत. नाक्यावर उभे राहणाऱ्या बांधकाम मजुराने वर्षात ९० दिवस कामाचा दाखला दाखवून कल्याणकारी मंडळात नोंदणी केली असेल, तर गंभीर आजारासाठी एक लाखापर्यंत मदतीची तरतूद आहे. निराधार रुग्णाला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिना पंधराशे रुपये मिळू शकतात. कर्करोग त्या यादीत नावानिशी आहे, उत्पन्नाची अट मात्र कडक आहे, आणि अर्ज तहसील कार्यालयात जातो.

मावसभावाने हे काहीच केले नव्हते. बांधकामावर अकरा वर्षे काम करूनही त्याची मंडळात नोंदणी नव्हती. आता केली आहे. तुमच्या घरात आज कोणी आजारी नसले तरी नाक्यावर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी करून घ्या, आणि शिधापत्रिकेवर घरातल्या सगळ्यांची नावे आहेत का ते आज रात्री काढून बघा.